क्यूब सुटला, आता नक्षीकडे वळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर आपल्या पुरवणीत मुलांच्या छंदांबद्दल मजकूर येतो आणि त्यात रुबिक्स क्यूबला, म्हणजे सहा रंगांच्या फिरवायच्या ठोकळ्याला, हमखास जागा असते. तक्रार एवढीच, की ती सगळी जागा सेकंद खातात. कुणी किती सेकंदांत सोडवला, कुणी एका हाताने, कुणी डोळ्यांवर पट्टी बांधून. नाशकात गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको, कुठेही जा, क्लासच्या फलकांवरही तेच. मूल क्यूब सोडवायला शिकतं, आल्यागेल्यासमोर सोडवून दाखवतं, वेळ चाळीसेक सेकंदांवर येऊन थबकते आणि मग क्यूब कपाटाच्या खणात पडतो. तो खणातून बाहेर काढायचा एक स्वस्त मार्ग आहे आणि त्याबद्दल मराठीत फारसं कुणी लिहीत नाही. सुटलेल्या क्यूबवर मुद्दाम नक्षी काढायची. आम्ही काही मंडळी हा नाद बाळगून आहोत. त्यातलं जेवढं छापून सांगता येण्यासारखं आहे तेवढं इथे देत आहोत. पत्र लांबलंय, पण चाली अर्धवट छापून काही उपयोग नसतो.

या प्रकाराची स्पर्धा होत नाही, हे आधीच सांगून टाकतो. वर्ल्ड क्यूब असोसिएशनच्या अधिकृत यादीत १७ प्रकार आहेत, त्यात नक्षी नाही. ढाल नाही, प्रमाणपत्र नाही. काही पालकांचा रस इथेच संपतो. त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

आधी लिपी. डेव्हिड सिंगमास्टर या गणितज्ञाने रूढ केलेली इंग्रजी अक्षरांची पद्धत यूट्यूबवर शिकलेल्या मुलांना पाठ असते. आम्ही तीच मराठी अक्षरांत लिहितो: उ म्हणजे उजवी बाजू, डा डावी, व वरची, खा खालची, पु पुढची, मा मागची. नुसतं अक्षर असेल तर ती बाजू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरी फिरवायची. अक्षरापुढे ' अशी खूण असेल तर उलट दिशेने पाव फेरी. २ असेल तर अर्धी फेरी, मग दिशा कोणतीही चालते. क्यूब हातात धरताना पांढरा वर, हिरवा समोर, लाल उजवीकडे. तेव्हा पिवळा खाली, निळा मागे आणि केशरी डावीकडे असायला हवा. काही स्वस्त क्यूबमध्ये पांढऱ्यासमोर पिवळ्याऐवजी निळा असतो. चाली तशाच चालतात, पण खाली दिलेले रंग जुळणार नाहीत.

नवशिक्यांच्या दहातल्या आठ चुका एकाच ठिकाणी होतात. घड्याळाची दिशा ठरवताना त्या त्या बाजूकडे तोंड करून बघायचं असतं. खालच्या बाजूचं घड्याळ खालून वाचायचं, मागच्याचं मागून. वरून बघत खा' फिरवला तर हात हमखास उलट जातो. दुसरी चूक म्हणजे चालीच्या मध्येच नकळत अख्खा क्यूब हातात वळवणं. अंगठा समोरच्या हिरव्या मधल्या चौकोनावर टेकवून ठेवला की ती होत नाही.

पहिली नक्षी बुद्धिबळाच्या पटाची:

उ२ डा२ व२ खा२ पु२ मा२

सहा अर्ध्या फेऱ्या आणि सहाही बाजूंवर पट. प्रत्येक बाजूवर कोपरे आणि मध्य स्वतःच्या रंगाचे राहतात, कडांचे चार तुकडे समोरासमोरच्या बाजूंशी अदलाबदल करतात. म्हणून पांढऱ्याबरोबर पिवळाच येतो, हिरव्याबरोबर निळाच. हीच चाल पुन्हा केली की क्यूब पूर्ववत. ही येते बहुतेकांना आणि बहुतेक जण इथेच थांबतात.

याच्याच शेजारची, पण कमी लोकांना ठाऊक असलेली:

व२ उ२ डा२ व२ उ२ डा२

समोर आणि मागे अधिकचं चिन्ह, डाव्या-उजव्या बाजूंवर वजाचं, वरची आणि खालची बाजू जशीच्या तशी. समोर हिरवं अधिक आणि निळे कोपरे दिसले, उजवीकडे लाल आडवी पट्टी आणि तिच्या वर-खाली केशरी ओळी दिसल्या, की जमलं. तिसरी-चौथीच्या मुलाला बेरीज-वजाबाकीची ही गंमत पटापेक्षा जास्त आवडते.

आता ठिपके. इथे थोडं थांबायला हवं, कारण क्यूब आतून कसा चालतो ते इथे कळतं.

व खा' उ डा' पु मा' व खा'

आठ पाव फेऱ्या. नीट बघितलं तर व आणि खा' मिळून वरचा आणि खालचा थर एकाच दिशेला जातात. दोन्ही बाहेरचे थर एका दिशेला गेले म्हणजे मधला थर उलट दिशेला गेला, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे या आठ फेऱ्या प्रत्यक्षात मधल्या थरांच्या चार फेऱ्या आहेत. कोपरे आणि कडा सगळे मिळून एका कवचासारखे एकत्र फिरतात आणि मध्याचे सहा चौकोन मागे राहतात. शेवटी वरची बाजू हिरवी आणि मध्ये पांढरा ठिपका, उजवी पांढरी आणि मध्ये लाल, समोरची लाल आणि मध्ये हिरवा, असं दिसायला हवं. चाल लागोपाठ तीनदा केली की क्यूब सुटलेला. जोडीतली एक फेरी चुकून सुलटच्या जागी उलट गेली तर ठिपके येत नाहीत, सगळाच काला होतो. म्हणून व खा' ही जोडी एकेक बाजू करून न फिरवता दोन्ही हातांनी एकदम फिरवावी.

सहाऐवजी चारच ठिपके हवे असतील तर:

पु२ मा२ व खा' उ२ डा२ व खा'

वर-खाली कोरं, समोर निळ्यात हिरवा ठिपका, उजवीकडे केशरीत लाल.

मुलं लगेच विचारतात, दोनच ठिपके का नाहीत? आणि समोरच्या बाजूवर शेजारच्या रंगाचा ठिपका, त्याच्यावर पुढच्याचा, असं चार बाजूंना फिरतं कडं का येत नाही? प्रश्न रास्त आहे. मध्याचे सहाही चौकोन एकाच सांगाड्याच्या टोकांवर बसलेले आहेत. त्यातले दोनच उचलून बदलता येत नाहीत, सांगाडा फिरला तर अख्खा फिरतो. सांगाडा एकूण २४ प्रकारे ठेवता येतो. पण क्यूबच्या प्रत्येक पाव फेरीत चार कोपरे आणि चार कडा एकदमच जागा बदलतात, त्यामुळे कोपऱ्यांच्या अदलाबदलीची सम-विषमता (म्हणजे दोघादोघांच्या एकूण अदलाबदली सम की विषम) आणि कडांची सम-विषमता कायम एकसारखी राहते. चार बाजूंच्या फिरत्या कड्यासाठी कवच पाव फेरी वळवावं लागतं. तसं केल्यास कोपऱ्यांचा हिशेब सम येतो आणि कडांचा विषम. २४ पैकी १२ प्रकार या हिशेबात बाद होतात. उरलेल्या १२ मधला एक म्हणजे सुटलेला क्यूब. म्हणजे नुसत्या ठिपक्यांच्या नक्ष्या ११, तीन चार-ठिपक्यांच्या आणि आठ सहा-ठिपक्यांच्या. बाराव्या नक्षीचा फोटो इंटरनेटवर दिसला तर तो क्यूब उघडून किंवा स्टिकर बदलून केलेला आहे, हे खुशाल समजावं.

नक्ष्या एकावर एक चढवता येतात. आधी पट आणि त्यावर सहा ठिपके केले की प्रत्येक बाजूवर तीन रंग येतात: मध्याचा एक, कोपऱ्यांचा दुसरा, कडांचा तिसरा. पट आणि त्यावर चार ठिपके केले की चार बाजूंवर अधिकचं चिन्ह येतं आणि वर-खाली पट राहतो. आधी काय आणि मग काय याने या दोन्ही ठिकाणी फरक पडत नाही. मुलांना चाली पाठ करायला लावण्याआधी असे मिश्रणाचे प्रयोग करू द्यावेत. पुढे काय दिसेल याचा अंदाज आधी कागदावर रंगवायचा आणि मग हातात पडताळायचा. इतकं भूमितीचं काम दुसरं कुठलं खेळणं करून घेत असेल असं वाटत नाही.

पाहुण्यांच्या तोंडून ‘अरे वा’ काढणारी नक्षी मात्र क्यूबमधल्या क्यूबची:

पु डा पु व' / उ व पु२ डा२ / व' डा' मा खा' / मा' डा२ व

पंधरा चाली. तिरप्या रेषा आम्ही पाठांतरासाठी टाकल्या आहेत, त्यांना दुसरा अर्थ नाही. शेवटी समोरच्या वरच्या उजव्या कोपऱ्याला दोन-बाय-दोनचा छोटा क्यूब बसवल्यासारखा दिसतो आणि नेमक्या विरुद्ध कोपऱ्याला तसाच दुसरा. वरच्या बाजूवर पांढरा छोटा चौकोन आणि त्याच्याभोवती हिरवा काटकोन आला पाहिजे. ही चाल साधारणपणे दोन जागी चुकते. सातव्या-आठव्या चालींवरचा २ विसरला जातो. आणि ‘मा खा' मा'’ या तुकड्यात मागची बाजू समोरून बघून फिरवली जाते. चूक कुठे झाली ते आठवत नसेल तर चाल पुढे रेटू नये. जेवढं केलं तेवढं शेवटाकडून उलट करत यावं: जे सुलट फिरवलं ते उलट, जे उलट ते सुलट, अर्धी फेरी तशीच. कोणतीही नक्षी मोडायची रीतही हीच. पूर्ण सोडवत बसायची गरज नसते.

‘सुपरफ्लिप’ हे नाव क्यूब हाताळणाऱ्या सगळ्यांनी ऐकलेलं असतं. बारा कडांपैकी प्रत्येक कड आपल्याच जागेवर, पण उलटी. कोपरे आणि मध्य जागच्या जागी. चार लाख कोटी कोटीहून जास्त, म्हणजे ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,००० इतक्या मांडण्यांपैकी कोणतीही जास्तीत जास्त २० चालींत सुटते, हे टॉमस रोकिकी, हर्बर्ट कोसिएम्बा, मॉर्ली डेव्हिडसन आणि जॉन डेथ्रिज यांनी २०१० मध्ये सिद्ध केलं. पण वीसच्या वीस चाली लागणारी मांडणी असते, हे त्याआधीच, १९९५ मध्ये मायकेल रीड यांनी दाखवलं होतं आणि ती मांडणी म्हणजे हीच सुपरफ्लिप. वीस चालींचा तो क्रम पाठ करण्यात आम्हाला फार मजा वाटत नाही, कारण मध्ये काय चाललंय ते हाताला कळत नाही. त्यापेक्षा ही रीत बघा.

डाव्या आणि उजव्या बाजूच्या मधली जी उभी पट्टी, तिला म म्हणू. म म्हणजे ती समोरून वर ढकलायची, मागून खाली जाईल. आता ‘म व’ असं लागोपाठ चार वेळा करायचं. चारच कडा उलट्या झालेल्या दिसतील, बाकी सगळं जागेवर. मग अख्खा क्यूब हातात असा वळवायचा की समोरची बाजू वर येईल, वरची डावीकडे जाईल आणि डावीकडची समोर येईल. पुन्हा ‘म व’ चार वेळा. पुन्हा तसंच वळवायचं, पुन्हा ‘म व’ चार वेळा. चार त्रिक बारा. वळवणं चुकलं तर काही कडा दोनदा उलटून सुलट होतात आणि नक्षी लंगडी राहते. उलटलेल्या कडा मोजल्या आणि आठ किंवा चार निघाल्या, तर चूक वळवण्यात आहे, फिरवण्यात नाही. मोजल्यावर आकडा विषम आला तर मात्र क्यूबचंच काहीतरी बिघडलंय.

हा बिघाड समजून घेण्यासारखा आहे, कारण त्यापायी मुलं स्वतःला दोष देत बसतात. एकटा कोपरा जागेवर पिळलेला, किंवा एकटीच कड उलटलेली, किंवा फक्त दोन तुकड्यांची अदलाबदल झालेली, ही अवस्था फिरवून कधीच येत नाही. आली तर कारण यांत्रिक असतं. सैल क्यूब घाईत फिरवताना कोपरा जागच्या जागी पिळला जातो, किंवा तुकडा उडून पडतो आणि लहान भावंड तो उलटा बसवून देतं. क्यूब सगळा सुटा करून हाताला येईल तसा जोडला तर तो सुटण्यासारखा निघण्याची शक्यता बारात एक. म्हणून सुटा केलेला क्यूब नेहमी सुटलेल्या रंगसंगतीतच जोडावा. पिळलेला कोपरा बोटाने हळूच फिरवून सरळ करता येतो. उलटलेल्या कडेसाठी वरचा थर अर्धवट, पंचेचाळीस अंशांवर वळवून कड अंगठ्याने उचकटावी आणि सुलट बसवावी. ही फसवणूक नव्हे, दुरुस्ती आहे.

नक्षीसाठी महागडा चुंबकी क्यूब लागत नाही. दोन-अडीचशे रुपयांचा, स्टिकर नसलेला, रंगीत प्लास्टिकचा क्यूब पुरतो. स्टिकर कोपऱ्यांनी उचलले जातात आणि अर्धी नक्षी गेल्यावर केशरी कोणता, लाल कोणता हे कळेनासं होतं. मधले थर वारंवार फिरवायचे असल्यामुळे क्यूब थोडा घट्ट असला तर बरा, फार सैल झाला की मधली पट्टी फिरताना बाहेरचे थर सोबत ओढले जातात. मध्याच्या टोप्या काढल्या की आत स्क्रू असतात. सहाही सारखेच, पाव पाव फेरीने आवळावेत. एकच आवळला तर त्या बाजूला क्यूब अडतो. वंगणासाठी सिलिकॉन तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात. घरात आहे म्हणून खोबरेल तेल घालू नका. ते धूळ धरतं आणि आपल्याकडे थंडीत, निफाडच्या बाजूला तर विचारूच नका, ते थिजून क्यूब जाम होतो. गाडीच्या बिजागऱ्यांना मारायचे पेट्रोलियमचे फवारेही नकोत, प्लास्टिक खराब होतं.

तयार नक्ष्या पाठ झाल्या की स्वतःची रचायची हौस येते. त्यासाठी लागतात अशा चाली, ज्या फार थोडे तुकडे हलवतात. सगळ्यात छोटी आणि उपयोगी:

म व२ म' व२

यात समोरची वरची, समोरची खालची आणि मागची वरची अशा तीनच कडा आपापसात जागा बदलतात. फिरत्या २० तुकड्यांपैकी बाकी १७ जागचे हलत नाहीत. तीनदा केली की पूर्ववत. आता हव्या त्या तीन कडा आधी एक-दोन फेऱ्यांनी या तीन जागांवर आणायच्या, ही चाल करायची आणि आणलेल्या फेऱ्या उलट करून परत पाठवायच्या. ‘आणा, बदला, परत पाठवा’ एवढ्याच तत्त्वावर बहुतेक नक्ष्या रचता येतात. चूक होते ती परत पाठवायचं विसरण्यात. कोपऱ्यांसाठी वेगळ्या चाली लागतात आणि तिथे पिळाचाही हिशेब ठेवावा लागतो. सगळ्या कोपऱ्यांचा पीळ मिळून पूर्ण फेऱ्यांतच यायला हवा. संगणक असेल तर वर उल्लेख आलेल्या कोसिएम्बा यांचा ‘क्यूब एक्सप्लोरर’ हा प्रोग्राम मोफत मिळतो. त्यात नक्षी रंगवून दिली की ती शक्य आहे का, आणि असेल तर किती चालींत, ते तो सांगतो. पण आधी हाताने झगडावं असं आमचं मत. नाहीतर नक्षी प्रोग्रामची, आपण फक्त हमाल.

चार-बाय-चार क्यूबचा एक शब्दात निकाल: त्याला स्थिर मध्य नसतात, मध्याचे २४ तुकडे सुटे फिरतात, त्यामुळे तिथे नक्षीला मोकळं रान आहे, पण सुरुवात त्यापासून करू नये.

मोठं आणि सामूहिक काम म्हणजे क्यूब जोडून भिंतीवर चित्र उभं करणं. प्रत्येक क्यूबची एकच बाजू दिसणार, म्हणजे एक क्यूब म्हणजे नऊ ठिपके. सहा रंगांत नऊ चौकोन १,००,७७,६९६ प्रकारे रंगवता येतात आणि ते सगळेच्या सगळे एका बाजूवर आणता येतात. कारण प्रत्येक रंगाचे चार कोपरे आणि चार कडा असतात आणि एका बाजूला तरी चारच कोपरे आणि चारच कडा लागतात. सम-विषमतेची जी काही अडचण असेल ती मागच्या, न दिसणाऱ्या तुकड्यांवर ढकलली जाते. म्हणून इथे क्यूब सोडवता येणंसुद्धा गरजेचं नाही. हव्या रंगाचा मध्य वर धरा, कडा बसवा, शेवटी कोपरे. कोपऱ्यासाठी ती जागा समोर उजवीकडे धरा, हवा तो तुकडा तिच्या बरोबर खाली आणा आणि उ' खा' उ खा हे रंग वर येईपर्यंत करत राहा. वरच्या बाकी रंगांना धक्का लागत नाही.

सुरुवात अक्षरांनी करावी. ‘नाशिक’ हा शब्द १५ क्यूब रुंद आणि ५ क्यूब उंच अशा ७५ क्यूबमध्ये बसतो: ४५ बाय १५ ठिपके, त्यात वेलांटीसाठी वरच्या ३ ओळी, शिरोरेघेला २, खाली अक्षरांना १०. पांढऱ्यावर निळी अक्षरं. ५.७ सेंटिमीटरचे क्यूब घेतले तर लांबी साडेपंच्याऐंशी सेंटिमीटर होते. चेहरा करायचा असेल तर २० बाय २० म्हणजे ४०० क्यूबखाली हात घालू नये, नाक-डोळे ओळखू येत नाहीत. फोटो ६० बाय ६० ठिपक्यांचा करून घ्यायचा आणि उजेडाच्या क्रमाने रंग लावायचे: सगळ्यात गडद ते निळं, मग लाल, केशरी, पिवळा, पांढरा. हिरवा चेहऱ्यात घेतला तर माणूस आजारी दिसतो. तो पार्श्वभूमीला ठेवावा. काळा रंगच नसल्यामुळे काळारामाच्या देवळाचा दगडही निळाच करावा लागणार. त्यापेक्षा द्राक्षांचा घड किंवा येवल्याच्या पैठणीचा काठ या सहा रंगांत जास्त खुलेल.

चुका होतात त्या अशा. वेगवेगळ्या कंपन्यांचे क्यूब मिसळले जातात. एकाचा आकार ५.६, दुसऱ्याचा ५.७, आणि वीस क्यूबांच्या ओळीत दोन सेंटिमीटरची वाट लागते. ट्यूबलाइटखाली लाल आणि केशरी यांची गल्लत होते, म्हणून रंग बसवायचं काम दिवसाउजेडी, खिडकीशी करावं. कागदावरच्या चौकोनाला ‘वर’ असा बाण नसेल तर क्यूब वळवून ठेवले जातात. प्रत्येक चौकोनाला ओळ आणि रकाना यांचा क्रमांक द्यावा आणि रचणी खालच्या ओळीपासून करावी. एका क्यूबचं वजन ८० ग्रॅम धरलं तर ४०० क्यूब ३२ किलोचे होतात, त्यामुळे मागे फळी हवी आणि ती किंचित मागे झुकलेली हवी. हात बसलेल्या माणसाला एका क्यूबला पाऊण मिनिट लागतं. ४०० क्यूब एकट्याला पाच तास, दहा जणांना अर्धा तास. क्यूब विकत घेऊ नयेत, घराघरांतून मागून आणावेत. मागच्या बाजूला मालकाच्या नावाची चिठ्ठी चिकटवली की परत देताना भांडणं होत नाहीत.

आपल्याकडे दोन मागण्या आहेत. पुरवणीत सुट्टीभर दर आठवड्याला एक नक्षी छापावी. चाल, शेवटी दिसणारे रंग आणि नेहमी होणारी एक चूक, एवढं पोस्टकार्डाच्या जागेत बसतं. मजकूर आम्ही विनामूल्य देऊ. दुसरी मागणी शहरातल्या संस्थांसाठी. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, मराठी भाषा गौरव दिनाचे कार्यक्रम होतात. १८४० सालापासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयाने किंवा एखाद्या शाळेने त्या दिवशी मुलांकडून ७५ क्यूबांचा एक शब्द रचून घ्यावा. शब्द कोणता ते मुलांनीच ठरवावं, जोडाक्षर असलेला घेतला तर अक्षराला १५ ऐवजी २० ठिपके रुंदी ठेवावी.

आणि नक्षीची चौकट छापाल तेव्हा रंगीत पानावर छापा. काळ्या-पांढऱ्या छपाईत लाल, हिरवा आणि निळा एकसारखे करडे दिसतात. रंगीत पान मिळणार नसेल तर प्रत्येक चौकोनात रंगाचं पहिलं अक्षर टाका, मात्र पांढरा आणि पिवळा दोघांचंही ‘प’ होईल, म्हणून ‘पां’ आणि ‘पि’ असं लिहा.

आपले,
क्यूबवर नक्षी काढणारे काही वाचक,
इंदिरानगर, नाशिक